तानपुरा मोबाइलमधला, कान आपला

मैफलीत मागे दोन तानपुरे आणि ते छेडणारे दोन शिष्य, ही चैन आता प्रत्येकाला परवडत नाही. मीही मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर गातो. एकदा मालकंसाची आलापी ऐन रंगात आली असताना फोन वाजला आणि तानपुराच थांबला. श्रोते हसले, माझा षड्ज मात्र हरवला तो हरवलाच. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाहून घेतो.

पहिली, जवारी. खऱ्या तानपुऱ्यात घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवतात. त्याने तार झणकारते आणि षड्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटतो. तो ऐकू येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर सोडून द्यावे. ध्वनीचा छोटा तुकडाच फिरत असेल, तर त्याचा सांधा खुपू लागतो. म्हणून घरी अर्धा तास ऐकावे.

दुसरी, प्रत्येक तार वेगळी लावता यायला हवी. मालकंसात पंचम नाही. पहिली तार मध्यमाला लागते. शिवाय साधा सिंथेसायझर सप्तकाचे १२ सारखे भाग करतो. त्याचा गांधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा असतो. लांबवलेल्या सुरात तो बोचतो.

तिसरी, फोन ‘विमान’ स्थितीत हवा, चार्ज पूर्ण हवा आणि दुसरा फोन तयार हवा.

मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर जवारी लावतात ती कानाने. सॉफ्टवेअरही किंमत पाहून नव्हे, कानानेच निवडावे.