सिलिकॉन, अतिशुद्ध

सिलिकॉन, अतिशुद्ध : इलेक्ट्रॉनिकीय प्रयुक्तींसाठी वापरले जाणारे, ज्यात विद्युतीय दृष्ट्या क्रियाशील परक्या अणूंचे प्रमाण अब्ज अणूंमागे एखाद्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते असे सिलिकॉन. भूकवचात ऑक्सिजनच्या खालोखाल विपुल असलेले हे मूलद्रव्य विद्युत् भट्टीत क्वॉर्ट्‌झाचे कार्बनाने क्षपण करून स्वस्तात मिळते. मात्र हे सिलिकॉन ९८ ते ९९% शुद्ध असते. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंना ते पुरते, इलेक्ट्रॉनिकीला नाही.

शुद्धतेची गरज प्रथम दुसऱ्या महायुद्धात रडारमुळे जाणवली. रडारच्या ग्राहीत सूक्ष्मतरंगांचे अभिज्ञान सिलिकॉनाच्या तुकड्यावर टेकविलेल्या टोकदार तारेने होत असे. बाजारी सिलिकॉनाचे गुणधर्म तुकड्यागणिक बदलत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील फ्रेडरिक साइट्‌झ यांच्या गटाच्या सहकार्याने अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीच्या सी. एम. ओल्सन यांनी सिलिकॉन टेट्राक्लोराइडाचे जस्ताच्या बाष्पाने क्षपण करण्याची पद्धत बसविली. ही कंपनी रंगद्रव्यांसाठी टिटॅनियम टेट्राक्लोराइड हाताळीत असल्याने अशा क्लोराइडांचा तिला सराव होता. क्वॉर्ट्‌झाच्या पात्रात सु. ९५०° से. तापमानास होणाऱ्या या विक्रियेत सुईसारखे स्फटिक मिळत.

युद्धानंतर मात्र पहिला मान जर्मेनियमाला मिळाला. ते ९३८° से. ला वितळते आणि डब्ल्यू. जी. फॅन यांच्या विभागीय शुद्धीकरणाने त्यातील मलद्रव्ये दांड्याच्या टोकाकडे ढकलता येतात. सिलिकॉन १,४१४° से. ला वितळते व त्या अवस्थेत ते मुशीच्या द्रव्याशीच विक्रिया करते. शिवाय त्यातील बोरॉन या पद्धतीने फारसे हलत नाही, कारण घन व द्रव सिलिकॉनांतील त्याच्या प्रमाणांचे गुणोत्तर सु. ०·८ म्हणजे जवळजवळ एकच आहे. तेव्हा बोरॉन काढावयाचा तर तो धातुरूप येण्यापूर्वी, संयुगावस्थेतच काढणे भाग होते. या बाबीने पुढील सर्व तंत्रविद्येची दिशा ठरली, असे म्हणता येईल.

जर्मेनियमाचे ट्रँझिस्टर सु. ७५° से. च्या पुढे भरवशाचे राहत नसल्याने लष्करी उपकरणांसाठी सिलिकॉन हवे होते. १९५४ मध्ये टेक्सस इन्स्ट्रूमेंट्‌स कंपनीच्या गॉर्डन टील यांनी सिलिकॉनाचा विक्रीयोग्य ट्रँझिस्टर जाहीर केला आणि त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनाचा सौरघट दाखविला. मागणी एकाएकी वाढली.

जस्त पद्धतीला मागे टाकणारी पद्धत पश्चिम जर्मनीत सीमेन्स कंपनीने १९५० नंतरच्या दशकात विकसित केली. तीत कच्च्या सिलिकॉनावर हायड्रोजन क्लोराइडाची विक्रिया करून ट्रायक्लोरोसिलेन हा ३१·८° से. ला उकळणारा द्रव बनवितात. त्याच्या पुनःपुन्हा केलेल्या भागशः ऊर्ध्वपातनाने बोरॉन व फॉस्फरस यांची क्लोराइडे वेगळी होतात. नंतर हायड्रोजनाबरोबर त्याचे बाष्प सु. १,१००° से. पर्यंत तापविलेल्या सिलिकॉनाच्याच बारीक कांड्यांवर सोडले की, त्यांवर सिलिकॉन साचत जाऊन जाड दांडे तयार होतात. पात्राच्या भिंती थंड ठेवलेल्या असल्याने तप्त सिलिकॉनाला परक्या पदार्थाचा स्पर्शच होत नाही, हे या पद्धतीचे मर्म होय. गार सिलिकॉन विजेला फार विरोध करीत असल्यामुळे कांड्या आरंभी बाहेरून तापवाव्या लागतात किंवा त्यांना फार उच्च विद्युत् दाब द्यावा लागतो. विजेचा खर्च मोठा असून तो दर किग्रॅ. ला शंभर किलोवॉट-तासांहून अधिक होत असे.

विक्रीत एक विलक्षण अडचण होती. मालाची शुद्धता रासायनिक विश्लेषणाच्या आवाक्याबाहेर गेली होती. त्यामुळे प्रत ठरविण्यास वितळवून ओढलेल्या एकस्फटिकाची रोधकता मोजावी लागे. सामान्य तापमानास पूर्ण शुद्ध सिलिकॉनाची रोधकता सु. २·३ लाख ओहम-सेंमी., तर अब्ज अणूंमागे बोरॉनाचा एक अणू असता ती सु. २७० ओहम-सेंमी. इतकीच असते. यामुळे ग्राहक किलोग्रॅम विकत घेत असला, तरी किंमत ओहमांची मोजीत असे. सौरघटांसाठीची प्रत ट्रँझिस्टरांच्या प्रतीहून उतरती असे. पृष्ठभागावरील मळही घातक असल्याने तुकडे वापरण्यापूर्वी अम्लांनी धुतले जात. मोठे ग्राहक लवकरच स्वतः सिलिकॉन बनवू लागले, ही उत्पादकांची दुसरी अडचण होती. द्यू पाँने नॉर्थ कॅरोलायनातील ब्रेव्हर्डजवळ यासाठी उभारलेला कारखाना पुढे क्ष-किरण फिल्मच्या निर्मितीकडे वळविला. याउलट सीमेन्सने आपल्या पद्धतीचे परवाने इतरांना दिले. बव्हेरियातील बुर्गहाउझेन येथील व्हॅकर व अमेरिकेतील मॉन्सँटो या रासायनिक कंपन्या पुढे या धंद्यात प्रमुख झाल्या.

भारतात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ए. आर. वासुदेव मूर्ती यांनी देशी पद्धत विकसित केली आणि तिच्या आधारे मेत्तूर (तमिळनाडू) येथील मेटकेम सिलिकॉन या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात लहान प्रमाणावर उत्पादन केले. त्याच दशकात अमेरिकेतील हेमलॉक कंपनीचे तंत्र आयात करून मोठा राष्ट्रीय प्रकल्प उभारण्याची शासकीय योजना पुढे आली. देशी तंत्राला वाव न देता परकीय तंत्र घ्यावे काय, यावर वैज्ञानिकांत तीव्र वाद झाला. देशी पद्धत लहान संयंत्रात सिद्ध झाली असली, तरी मोठ्या प्रमाणावर ती परवडेल याचा पुरावा नव्हता, हा आयातीच्या बाजूचा मुद्दा सबळ होता. आणि संयंत्र मोठे करण्याची संधीच न दिल्यास असा पुरावा मिळणार कोठून, हा विरोधकांचा प्रश्नही तितकाच रास्त होता. तो राष्ट्रीय प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही.