सोडियमवरून मिठाचा हिशेब

शब्बाथला हामोत्सी म्हणून आपण भाकरीचा तुकडा मिठाला लावतो. हिब्रूत हेच मेलाह. अमेरिकेत मात्र डब्यावर लिहिलेले असते सोडियम. आम्ही पुष्कळजण दोन्ही एकच समजत आलो. रक्तदाब असणाऱ्यांना ही चूक भोवते.

मिठात सोडियमच्या प्रत्येक अणूमागे क्लोरीनचा एक अणू असतो. अणू एकेक मोजता येत नाहीत, म्हणून ते वजनावरून मोजतात. केळ्यांचा जसा डझन, तसा अणूंचा मोल. संख्या मात्र अफाट, सहावर तेवीस शून्ये. सोडियमचा एक मोल २३ ग्रॅम, क्लोरीनचा ३५.५ ग्रॅम. दोन्ही मिळून मिठाचा मोल ५८.५ ग्रॅम.

येथील अन्न व औषध प्रशासन मोठ्या माणसांना दिवसाला २३०० मिलिग्रॅमहून कमी सोडियम सांगते. हे झाले २.३ ग्रॅम. २३ ने भागा: मोलचा दहावा भाग. मीठही तितकेच मोल, म्हणून ५८.५ चा दहावा भाग, ५.८५ ग्रॅम. सुमारे एक सपाट चहाचा चमचा, तोही सबंध दिवसाचा!

सूपच्या डब्यावर एका वाटीला ६९० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर भागाकार येतो ०.०३ मोल. गुणिले ५८.५, म्हणजे पावणेदोन ग्रॅम मीठ.

एवढे गणित नको असेल, तर सोडियमची अडीचपट करावी. आणि कोशर मांसाला आधीच मीठ लावलेले असते. रश्श्यात मीठ घालण्यापूर्वी चव पाहावी.