बंदिस्त सरोवराकाठचे रंगकाम : हवासा येथील लवणांचा हिशेब

इथिओपियाच्या राजधानीपासून, म्हणजे आदिस अबाबापासून, दक्षिणेस सुमारे २७५ किलोमीटरांवर पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत हवासा हे शहर आहे. १९६० च्या सुमारास वसविलेले हे गाव आज सिदामा प्रांताची राजधानी असून त्याची वस्ती काही लाखांवर गेली आहे. जुलै २०१६ मध्ये येथे कापड व तयार कपड्यांच्या निर्यातीसाठी ५२ शेडची औद्योगिक वसाहत सुरू झाली. वसाहतीचे बांधकाम एका चिनी कंपनीने केले. सांडपाण्याचे केंद्र मात्र अहमदाबादच्या अरविंद समूहातील कंपनीने उभारले. त्याची क्षमता दररोज १ कोटी १० लाख लिटर, म्हणजे ११,००० घनमीटर आहे. 'शून्य द्रव-विसर्ग' हे या केंद्राचे तत्त्व होय. पाणी शुद्ध करून पुन्हा कारखान्यांस द्यावयाचे, उरेल ते घनरूपात बाहेर काढावयाचे, आणि वसाहतीबाहेर थेंबही सोडावयाचा नाही. ही रीत अत्यंत खर्चिक आहे. मग ती येथे का स्वीकारावी लागली, आणि तिने प्रश्न सुटतो की केवळ जागा बदलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शहराच्या पश्चिमेस हवासा सरोवर पसरले आहे. क्षेत्रफळ सुमारे ९० चौरस किलोमीटर. बारमाही म्हणावी अशी एकच नदी, तिकुर वुहा, त्यात येऊन मिळते. बाहेर जाणारी नदी नाही. अशा सरोवरातून पाणी वाफेच्या रूपाने जाते, विरघळलेले पदार्थ मात्र मागे राहतात. याचे टोकाचे उदाहरण महाराष्ट्रीय वाचकांस लोणारच्या रूपाने परिचित आहे. हवासाचे पाणी अद्याप तुलनेने गोडे आहे, याचे श्रेय बहुधा जमिनीत झिरपून जाणाऱ्या पाण्यास द्यावे लागेल. तिलापिया माशांवर येथील कोळ्यांची उपजीविका चालते आणि काठावरचा मासळीबाजार हे शहराचे एक ओळखीचे स्थळ आहे.

आता एक ढोबळ गणित करून पाहू. केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, सांडपाण्यात लिटरमागे ५ ग्रॅम लवणे असली, आणि जैविक शुद्धीकरणानंतर ते पाणी सरोवरात सोडले, असे धरू. ५ ग्रॅम हा आकडा सुती कापडाच्या रंगकामासाठी अवाजवी नाही. दिवसाला ५५ टन, वर्षाला सुमारे २०,००० टन लवण सरोवरात जाईल. सरोवराचे घनफळ १.३ घन किलोमीटर मानल्यास लिटरमागे वर्षाला १५ मिलिग्रॅम भर पडेल. झिरपा हिशेबात न घेता ३० वर्षांत ४५० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यातील एकूण विद्रुत पदार्थांची भारतीय मानकातील इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या भरीचे वजन कळते. वाहत्या नदीकाठी जे समुद्राकडे लोटून विसरता येते, ते येथे विसरता येत नाही. सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्याचे विघटन करतात; सोडियम व क्लोराइड यांना ते हात लावीत नाहीत.

एवढे मीठ येते कोठून? १९५६ साली बाजारात आलेल्या विक्रियाशील रंजकांनी सुती कापडाचे रंगकाम पालटून टाकले, कारण हे रंजक सेल्युलोजशी सहसंयुजी बंधाने जोडले जातात व धुण्याने निघत नाहीत. परंतु पाण्यात सुताच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, आणि रंजकाचा रेणूही ऋणभारितच. दोघे एकमेकांस दूर सारतात. मिठाचे आयन हा भार झाकतात व रंजकास सुताकडे लोटतात. या सर्व प्रकारात मीठ स्वतः मुळीच खर्ची पडत नाही. जेवढे रंगपात्रात घालावे तेवढे गटारात येते. एक किलो कापडास आठ लिटर पाणी व लिटरमागे ६० ग्रॅम मीठ हे प्रमाण घेतल्यास किलोमागे ४८० ग्रॅम मीठ लागते. नेसावयाच्या कापडाच्या निम्म्या वजनाचे मीठ! शिवाय रंजकाचा बराच भाग सुताऐवजी पाण्याशीच विक्रिया करून वाया जातो, तो वेगळा.

जैविक टाक्यांतून व सूक्ष्म गाळणीतून निघालेले पाणी व्यस्त तर्षणाच्या पटलांकडे जाते. व्यवहारात यासच आर. ओ. म्हणतात. आदर्श विद्रावाच्या नियमाने २५ अंश सेल्सियसला लिटरमागे ५ ग्रॅम मिठाच्या विद्रावाचा तर्षण-दाब ४.२ वातावरण येतो. नव्वद टक्के पाणी काढून घेतले की उरलेला विद्राव दसपट संहत होतो व तो दाब ४२ वातावरणांवर जातो. त्याहून अधिक दाब पंपाने द्यावा लागतो, तरीही हे काम स्वस्तच: ४२ वातावरणांना एक घनमीटर पाणी ढकलण्याचे सैद्धांतिक कार्य १.२ किलोवॉट-तास एवढेच आहे. पंच्याण्णव टक्के काढू गेल्यास दाब ८४ वातावरणांवर जातो, आणि तेथे सर्वसाधारण पटले हात टेकतात. त्याआधीच बहुधा कॅल्शियम सल्फेट किंवा सिलिका पटलावर बसू लागते. ज्वालामुखी खडकांच्या प्रदेशातील पाण्यात सिलिका मुबलक असते, ही खचदरीची खास अडचण होय.

उरलेल्या दहा टक्क्यांचे, म्हणजे ११,००० पैकी १,१०० घनमीटरांचे बाष्पीभवन करावे लागते, आणि खर्चाचे खरे मूळ येथे आहे. एक टन पाण्याची सुप्त उष्णता सुमारे ६२७ किलोवॉट-तास भरते. एकाच टप्प्यात उकळावयाचे म्हटले तर रोज ६.९ लाख किलोवॉट-तास, म्हणजे अखंड जवळजवळ २९ मेगॉवॉट उष्णता हवी. पाच टप्प्यांच्या बाष्पीभवनकात पहिल्या टप्प्याची वाफ दुसऱ्यास तापविते व हा आकडा चौथा-पाचवा हिस्सा होतो. वाफ यंत्राने दाबून तिचीच उष्णता परत वापरल्यास टनामागे २० ते ४० किलोवॉट-तास वीज पुरते. इथिओपियाची वीज जवळजवळ सर्वस्वी जलविद्युत् असल्याने ही रीत तेथे कोळसा जाळणाऱ्या देशांपेक्षा अधिक समर्थनीय ठरते. एरवी पाण्यातील प्रदूषण धुराड्यातून वर सोडण्याचाच तो प्रकार झाला असता.

शेवटी हाती येते ते मिश्र लवण. त्याचे काय करावयाचे याचा धडा आपल्याकडे तिरुप्पूरने घेतला आहे. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तेथील शेकडो रंगकारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे शून्य-विसर्ग पद्धतीने काम सुरू झाले, आणि कोणी विकत घेईना अशा मिश्र लवणाच्या गोण्या साठू लागल्या. रंगकामात मिठाऐवजी सोडियम सल्फेट वापरले तर वाट थोडी सुकर होते. द्विसंयुजी सल्फेट आयन नॅनो-गाळणीच्या पटलावर अडतो, क्लोराइड पलीकडे जातो, शिवाय ३२.४ अंशांखाली सल्फेटाची विद्राव्यता झपाट्याने उतरत असल्याने नुसत्या थंडाव्याने शुद्ध ग्लाउबर लवणाचे स्फटिक मिळतात. हे लवण पुन्हा रंगपात्रात जाऊ शकते. मात्र एकाच वसाहतीतील एका कारखान्याने मीठ व दुसऱ्याने सल्फेट वापरले, की सामाईक केंद्रात हा फायदा बुडाला.

सामाईक केंद्राची दुसरी दुर्बलता भाराची. हवासातील बहुतेक शेडमध्ये शिवणकाम चालते. रंगकामाचे ओले काम थोडक्यांकडे. एका मोठ्या अमेरिकी वस्त्रकंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि १ जानेवारी २०२२ पासून इथिओपियास अमेरिकी बाजारातील जकातमाफी मिळेनाशी झाली. या घडामोडींची झळ प्रथम शिवणयंत्रांवरील तरुण स्त्रियांस बसली. पण अभियंत्याने हेही पाहावयास हवे की असा प्रवाह घटला की टाक्यांतील सूक्ष्मजीव उपाशी मरतात, पटले सुकू न देण्याची तजवीज करावी लागते, आणि स्थिर खर्च उरलेल्या थोड्या भाडेकरूंवर पडतो.

म्हणून खरी काटकसर रंगपात्रातच शोधली पाहिजे. किलोमागे आठऐवजी पाच लिटर पाणी वापरले तर मीठ ४८० वरून ३०० ग्रॅमवर येते. सांडपाण्याचे एकूण आकारमान तेवढेच राहून त्यातील लवण लिटरमागे ५ वरून ३ ग्रॅम झाले, तर तेच ४२ वातावरणांचे पटल-संच ९० ऐवजी ९४ टक्के पाणी परत देतील आणि उकळावयाचा विद्राव १,१०० वरून ६६० घनमीटरांवर येईल. बाष्पीभवनाचा खर्च दोन-पंचमांशाने उतरेल. परंतु केंद्राची आकारणी दर घनमीटरावर होत असेल तर मीठ वाचविणाऱ्या कारखान्यास यातला एक पैसाही मिळत नाही. आकारणी लवणाच्या किलोवर करावयाची, तर प्रत्येक शेडच्या नळावर विद्युत्-संवाहकता मोजणारे साधे उपकरण पुरेसे आहे.