पाऊस सर्वांचा, मग पाणी कोणाचे? पुण्याच्या जलचक्राची गोष्ट

जून उजाडला की पुण्यात एकच चौकशी सुरू होते : खडकवासल्यात पाणी किती उरले? धरणे भरली की शहर निर्धास्त होते, तळ दिसू लागला की पाणीकपात सुरू होते. पण हे पाणी येते कुठून आणि वापरून झाल्यावर जाते कुठे, याचा विचार आपण फारसा करत नाही. शाळेत जलचक्राची आकृती आपण सर्वांनीच काढली. त्या आकृतीत समुद्र, ढग, डोंगर आणि नदी होती. माणूस मात्र नव्हता. पाण्याचा प्रश्न समजून घ्यायचा तर त्या चक्रात माणूस कुठे कुठे उभा आहे, हे पाहावे लागेल.

पाणी किती आणि कोणत्या रूपात?

पृथ्वीवरचे सुमारे ९७ टक्के पाणी समुद्रात आहे, म्हणजे खारे. उरलेल्या गोड्या पाण्यापैकी दोन तृतीयांशाहून जास्त पाणी अंटार्क्टिका, ग्रीनलँड आणि हिमालयासारख्या ठिकाणी बर्फाच्या रूपात गोठलेले आहे. जवळपास ३० टक्के जमिनीखाली आहे. जगभरातल्या नद्या आणि गोड्या पाण्याचे तलाव मिळून या गोड्या पाण्याचा एक टक्काही भरत नाही.

पाण्याची तिन्ही रूपे आपण रोज पाहतो. माठातले पाणी गार राहते, कारण माठाच्या अंगावर पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. हिवाळ्यात पहाटे गवतावर दिसणारे दव म्हणजे हवेतली वाफच थंड होऊन पुन्हा पाणी झालेली असते. वळवाच्या पावसात पडणारी गार म्हणजे उंच ढगात गोठलेले पाणी. रूप बदलते, पाणी तेच असते.

सह्याद्रीने केलेली वाटणी

पुण्याच्या पाण्याचा प्रवास अरबी समुद्रावर सुरू होतो. तिथली वाफ घेऊन नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आदळतात. डोंगर चढताना हवा थंड होते, वाफेचे थेंब होतात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. ताम्हिणी घाटात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तर दौंड-इंदापूरकडे त्याहूनही कमी. डोंगराच्या आडोशामुळे कमी पावसाच्या अशा भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

घाटालगतचा हा पाऊस टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणे साठवतात. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे अंदाजे २,८०० कोटी लिटर. यातूनच पुण्याचे नळ चालतात आणि कालव्याने दौंड-इंदापूरची शेतीही भिजते. पाऊस कुठे पडावा हे डोंगर ठरवतो. धरणाचे पाणी कोणाला किती मिळावे, हे मात्र माणसे ठरवतात.

माणसाने केलेली वाटणी

या ठरवण्याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पुण्यातल्या हौदांत पाणी आणले गेले. ते काम कौशल्याचे होते, पण पाणी जवळ असूनही अस्पृश्यांना ते हक्काने घेता येत नव्हते. १८६८ मध्ये महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता, तरी तो कागदावरच राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन करावे लागले. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ ने सार्वजनिक विहिरी, तळी आणि घाट वापरण्यास जातीवरून मज्जाव करणे बंद केले.

आज हौदावर कोणी अडवत नसेल. पण सोसायटीच्या टाकीत पाणी चढते आणि वस्तीतल्या सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग लागते. पाण्याची वेळ गैरसोयीची असली की एखाद्या बाईचा रोज बुडतो, एखाद्या मुलीची शाळा चुकते. ठराव आणि प्रत्यक्षातले पाणी यांच्यातले अंतर अजून मिटलेले नाही.

मुरणारे आणि वाहणारे पाणी

जलचक्राचा एक भाग डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे जमिनीत मुरणारे पाणी. पुण्याखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांतच पाणी साठते. म्हणजे साठा मर्यादित आणि भरपाई पावसावर अवलंबून. फुल्यांनी हे ओळखले होते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सरकारला सुचवले, की सैन्यातल्या व पोलिसांतल्या फालतू शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल.

आपण उलट केले. जमिनीवर काँक्रीट घातले, ओढे अरुंद केले. मुरू न शकलेले पाणी वेगाने वाहते आणि सखल भागात शिरते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला पूर आला, तेव्हा ओढ्याकाठच्या वस्त्याही त्याच्या तडाख्यात सापडल्या. स्वस्त घर मिळते ते ओढ्याकाठीच, म्हणून पहिला फटकाही तिथेच बसतो.

आपले सांडपाणी, दुसऱ्याचे पिण्याचे पाणी

वाफ होताना पाणी आपली घाण मागे सोडते, म्हणून पाऊस बराच स्वच्छ असतो. पण ती घाण नाहीशी होत नाही. नदीत आणि जमिनीत उरते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनी धरणात जाते. खाली त्याच पाण्यावर माणसे जगतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा पिण्याच्या पाण्याबद्दल शंका घेतली गेली. दूषित पाण्याचा धोका नदीच्या खालच्या गावांपुरता नाही, हे तेव्हा शहरालाही कळले.

म्हणून वस्तीच्या बैठकीत काही प्रश्न विचारायलाच हवेत. आपल्या नळाच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? पाण्याची जलवाहिनी गटारातून तर जात नाही ना? ओढ्याची सफाई पावसाळ्याआधी होते का? शेजारची जुनी विहीर बुजवली जाते आहे का? विहारावर पडणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरवता येईल का? उत्तरे लेखी मागा. शंका असेल तोवर पाणी उकळून प्या.

समुद्रावरून आलेला ढग कोणाची जात विचारत नाही, घरपट्टीची पावतीही मागत नाही. भेद सुरू होतो तो पाणी जमिनीवर आल्यानंतर. तो निसर्गाने केलेला नाही, म्हणूनच तो बदलता येतो.