मैदान सर्वांचे, निगाही सर्वांची

मुंबईतील दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली नागरिकांसाठी खुले झाले. क्रिकेट, मल्लखांब, सकाळचा फेरफटका, जाहीर सभा आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या दर्शनास येणाऱ्या अनुयायांचा निवारा, हे सारे या एकाच भूमीवर घडते. म्हणूनच अशा मैदानाची सुधारणा हे नाजूक कार्य ठरते.

येथील मोठी अडचण धुळीची. अंथरलेली लाल माती पायांखाली भरडली जाऊन बारीक होते आणि वाऱ्यासवे भोवतालच्या घरांत शिरते. पाणी शिंपडल्याने केवळ वरचा थर भिजतो. उन्हात तो पुन्हा सुकतो. माती धरून ठेवतात ती गवताची मुळे. गवताला उन्हाळ्यातही पाणी हवे. म्हणून महापालिकेने येथे पर्जन्यजल साठविण्यासाठी विहिरी घेतल्या.

परंतु कोवळ्या गवताला विश्रांतीही लागते. सारे मैदान एकदम बंद केल्यास, ज्यांना दुसरे क्रीडांगण परवडत नाही त्यांचाच खेळ आधी थांबतो. यास्तव मैदानाचे भाग पाडून एकेक भाग आळीपाळीने विसावू द्यावा आणि त्याचे वेळापत्रक खेळणाऱ्यांना विचारूनच ठरवावे. हिरवळ वाढली आणि मुले कुंपणाबाहेर राहिली, तर त्यास सुधारणा म्हणता येणार नाही.