गुडघ्याचे दुखणे आणि पोटाची आग

संधिवात हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. सांध्यातील कूर्चा झिजते तो एक प्रकार. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आमवात दुसरा. रक्तात युरिक आम्ल वाढून पायाचा अंगठा सुजतो तो तिसरा. कारणे निराळी, तरी सूज आणि ठणका सगळीकडे. म्हणून बहुतेकांच्या हाती शेवटी एकच वस्तू पडते, 'दुखण्याची गोळी'. आमच्याकडे ती किराणा दुकानातही मिळते. लावणीच्या दिवसांत माझी आई व तिच्या बरोबरीच्या बायका ती सकाळी कोऱ्या चहाबरोबर घेतात नि चिखलात उतरतात. चार दिवसांनी पोटात आग पडू लागली की दोष तिखटाला देतात.

तिखट बिचारे निरपराध आहे. मौज अशी की, या गोळ्यांचे मूळ घराणे झाडाचेच. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद म्हणजे युरोपातला विलो. त्याच्या सालीने ताप उतरतो, असे एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. १८२८ मध्ये सालीतून सॅलिसिन वेगळे झाले. त्यापासून बनविलेले सॅलिसिलिक आम्ल गुणकारी खरे, पण पोटाला झोंबे. तेव्हा १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याचे सौम्य रूप तयार केले. तीच ॲस्पिरिन. तरी पोटाची तक्रार काही मिटली नाही.

का, ते १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखविले. इजा झालेल्या जागी शरीर एका विकराच्या साह्याने प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये बनविते. सूज व वेदना त्यांच्यामुळे वाढतात. गोळी त्या विकरालाच अडविते. परंतु हीच द्रव्ये जठराच्या आतील बुळबुळीत अस्तर राखतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. गोळीला गुडघा कोणता आणि जठर कोणते हे कळत नाही. ठणका थांबतो, अस्तर विरळ होते. या शोधासाठी व्हेन यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मग पोट न जाळणारे काही झाडपाल्यात आहे काय? हळदीचे नाव अर्थातच पहिले. तिच्यातील कर्क्युमिन दाह वाढविणाऱ्या अनेक क्रियांना आवर घालते. २०१४ साली थायलंडमधील एका चाचणीत गुडघा झिजलेल्या ३६७ रुग्णांपैकी काहींना हळदीचा अर्क व इतरांना आयबुप्रोफेन चार आठवडे दिले. आराम जवळजवळ सारखाच, पोटदुखी मात्र हळदवाल्यांत कमी. पण तो अर्क रोज १५०० मिलिग्रॅम होता! स्वयंपाकाच्या चमचाभर हळदीत कर्क्युमिन शंभर मिलिग्रॅमच्या आसपासच, आणि तेही रक्तात फारसे उतरत नाही. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली मिरीतील पायपरीन सोबत देऊन ते प्रमाण वीसपट वाढल्याचे दाखविले. हळदीच्या दुधाने बरे वाटते हे मी नाकारीत नाही. त्याने गुडघा सुधारतो असे मात्र म्हणवत नाही. उलट तीव्र अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांत २०१९ साली इटलीत यकृतदाहाचे रुग्ण आढळले. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या घेऊच नयेत.

मला अधिक आशा वाटते ती सालईची. सातपुड्यात व विदर्भातल्या कोरड्या उतारांवर ही झाडे पुष्कळ. तिचा डिंक धूप म्हणून जळतो. आयुर्वेदात तीच शल्लकी. तिच्यातील बॉस्वेलिक आम्ले दाहाच्या दुसऱ्याच विकराला अडवितात, त्यामुळे जठराचे अस्तर वाचते. २००३ साली नागपूरला ३० रुग्णांवर तिची चाचणी झाली. दुखणे व सूज उतरली, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात सांधा मात्र होता तसाच राहिला. तीस माणसे म्हणजे थोडीच, हेही खरे.

झाडाचे म्हणजे निरुपद्रवी, हा समज तेवढा सोडावा लागेल. पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी पाहा. तिच्या कंदातील कोल्चिसिन अंगठ्याच्या त्या तिसऱ्या प्रकारावर आजही दिले जाते. पण मात्रा जराशी चुकली तर जीवावर बेतते. बाजारात 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचे आणखीच वेगळे. एका दिवसात आराम पडला, तर शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले तपासणीत वेळोवेळी सापडले आहे. महिनोन्‌महिने घेतल्यास चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, हाडे ठिसूळ होतात, आणि एकाएकी बंद करणेही धोक्याचे ठरते. अशी पुडी घरात चालू असेल तर ती फेकण्याआधी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवावी.