स्फोटाआधीचा अंदाज

प्रयोगशाळेत मोजमाप चुकले तर प्रयोग पुन्हा करता येतो. अणुचाचणीत ही सोय नाही. दाबाची लाट यंत्रावरून क्षणात निघून जाते आणि जवळची यंत्रे तिच्यासोबत नष्ट होतात. त्यामुळे कोणते यंत्र किती अंतरावर ठेवायचे आणि त्याची मोजपट्टी कुठपर्यंत असावी, हे आधीच ठरवावे लागते. सोनाराच्या काट्यावर गव्हाचे पोते ठेवले तर काटा मोडतो. पोत्याच्या काट्यावर अंगठी ठेवली तर तो हलतही नाही. योग्य काटा निवडायचा तर स्फोट केवढा होणार हे माहीत हवे, आणि नेमके तेच शोधण्यासाठी हा सगळा खटाटोप असतो.

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची ‘ट्रिनिटी’ चाचणी झाली. तिच्याआधी शास्त्रज्ञांनी आपसात पैज लावली होती. ओपेनहायमर यांचा अंदाज ३०० टन टीएनटीचा, तर टेलर यांचा ४५ हजार टनांचा. एवढ्या तफावतीत यंत्रे मांडायची कशी? चाचणीचे प्रमुख केनेथ बेनब्रिज यांनी ७ मे रोजी रंगीत तालीम घेतली. सुमारे १०० टन टीएनटी रचून उडवले आणि त्याभोवती यंत्रे प्रमाणशीर अंतरांवर ठेवली. यामागचा नियम सोपा आहे: स्फोट आठपट मोठा झाला, तर तेवढाच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो. त्यामुळे लहान स्फोटावर यंत्रे पारखून मोठ्या स्फोटासाठी त्यांच्या जागा ठरवता येतात.

तरीही मुख्य चाचणीच्या दिवशी काही यंत्रांनी दगा दिला. क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणाऱ्या नाजूक दाबमापकांच्या रेषा किरणोत्सारामुळे पट्टीबाहेर गेल्या. बी-२९ विमानांतून सोडायचे दाबमापक वापरताच आले नाहीत, कारण स्फोटाच्या वेळी विमाने ठरलेल्या जागी नव्हती. कामाला आली ती अगदी साधी साधने. लहान-मोठ्या भोकांवर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा बसवलेली खोकी ठेवली होती. भोक जितके मोठे, तितका पत्रा कमी दाबाला फाटतो. म्हणजे कुठले पत्रे फाटले ते पाहून दाब कळतो. उत्तर आले सुमारे १० हजार टन. सोळा किलोमीटरवर उभ्या असलेल्या एन्रिको फर्मी यांनी कागदाचे कपटे सोडले आणि ते किती लांब उडाले यावरून तोच आकडा सांगितला. किरणोत्सारी अवशेषांच्या रासायनिक तपासणीतून एकूण ताकद मात्र जवळपास दुप्पट निघाली. उरलेली ऊर्जा प्रकाश, उष्णता आणि किरणोत्सारात गेली होती. पैज जिंकली ती १८ हजार टन म्हणणाऱ्या राबी यांनी.

पुढच्याच वर्षी बिकिनी बेटांजवळच्या चाचणीत बाँब लक्ष्यापासून सुमारे ६५० मीटर दूर पडला आणि यंत्रांच्या जागांचे गणित विस्कटले. तिथेही ब्रिटिश गणितज्ञ विल्यम पेनी यांनी मांडलेले पत्र्याचे डबे उपयोगी पडले. डबा किती चेपला, यावरून दाब काढता येत होता. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी साधने एकत्र ठेवली, तर एक कारण सगळ्यांना एकदम निकामी करत नाही, हा नियोजनाचा पहिला धडा ठरला.

वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३च्या करारानंतर अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटनच्या चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि हवेच्या दाबाऐवजी खडकाचे हादरे महत्त्वाचे झाले. हा साक्षीदार अधिक अवघड. अमेरिकेने मिसिसिपीत १९६४ साली मिठाच्या थरात एक स्फोट केला आणि त्यातून तयार झालेल्या पोकळीत १९६६ साली दुसरा. पोकळीमुळे दुसऱ्याचे धक्के सुमारे सत्तरपटीने मंदावले. म्हणजे भूगर्भ समजल्याशिवाय हादऱ्यांचा अर्थ लागत नाही. विवरात बसवलेल्या यंत्राभोवती भरायचे सिमेंटसुद्धा खडकाच्या गुणधर्मांशी जुळवावे लागते, नाहीतर यंत्र त्या भरावाचीच हालचाल नोंदवते.

पोखरणचा वाद इथूनच उभा राहिला. ११ मे १९९८ रोजी तीन स्फोट एकाच वेळी झाले. त्यांपैकी औष्णिक-अण्विक (हायड्रोजन बाँबच्या प्रकारच्या) स्फोटाची ताकद ४५ किलोटन असल्याचे भारताने जाहीर केले. परदेशी भूकंपतज्ज्ञांचे एकूण आकडे बरेच कमी होते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, दोन मोठ्या स्फोटांच्या लाटा एकमेकींत मिसळून काही दिशांना क्षीण झाल्या, त्यामुळे दूरच्या केंद्रांना धक्का लहान भासला. २००९ साली डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे माजी शास्त्रज्ञ के. संथानम यांनी आपल्या संस्थेच्या मोजणीचा हवाला देऊन औष्णिक-अण्विक चाचणी अपेक्षेइतकी झाली नसल्याचे म्हटले; अणुशास्त्रज्ञ आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ते फेटाळले.

एकाच स्फोटाची दोन उत्तरे आली, तेव्हा प्रश्न बाँबइतकाच मोजणीचाही होता: कोणाची यंत्रे कुठे होती, तिथला खडक कसा होता, एकाच वेळी झालेल्या स्फोटांचे हादरे वेगळे कसे करायचे? १९९८ नंतर भारताने चाचणीबंदी स्वतःहून पाळली आहे, त्यामुळे नव्या स्फोटाने हा वाद मिटणार नाही. हादऱ्यांबाबत तर त्या दुपारी जी यंत्रे जमिनीत होती, तेवढ्यांच्याच नोंदींवर वाद घालावा लागतो. त्यांच्या जागा स्फोटाआधी ठरल्या होत्या, आणि त्या आता कोणालाही बदलता येत नाहीत.